फोटो-फिनिशवाले हिम्मतराव

मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत कोणालाही हिम्मतरावांचं घर विचारा. माणूस आधी हसेल आणि मग बोट दाखवेल. हसायचं कारण असं, की हिम्मतरावांना कोणी नुसतं "किती वाजले?" विचारलं तरी ते घड्याळ बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात, आणि तोवर विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असते. घरातही तीच तऱ्हा. "भाजीत मीठ बरोबर पडलंय का?" या प्रश्नाला चौथ्या घासाआधी उत्तर मिळायचं नाही. त्यांच्या पत्नी कुसुमताई यांनी चव्वेचाळीस वर्षं या उत्तरांची वाट पाहिली होती. शेवटी त्या स्वतःच मीठ चाखून बघायला लागल्या.

दोष हिम्मतरावांचा नव्हता, नोकरीचा होता. उदगीरकडच्या एका खेड्यातून, कोरडवाहू रानाला आणि थोरल्या भावाच्या हुकुमाला कंटाळून, विशी ओलांडल्यावर ते हैदराबादला आले. मामा रेसकोर्सच्या पागेत होते. त्यांनी भाच्याला घोड्यांपाशी नेलं, तर भाचाच घोड्यापेक्षा जास्त बुजला. मग मामांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला फोटो-फिनिशच्या अंधाऱ्या खोलीत चिकटवला. तिथे तो जो चिकटला तो चौतीस वर्षं.

काम ऐकायला सोपं होतं. दोन घोडे एकदम रेषेवर आले की नुसत्या डोळ्यांनी निकाल लागत नाही. म्हणून रेषेवर रोखलेला एक कॅमेरा असे. त्याची फिल्म धुवायची, निगेटिव्ह दिव्यासमोर धरायची, फोटो छापून पंचांच्या हातात द्यायचा. तेवढी तीन-चार मिनिटं अख्खं रेसकोर्स श्वास रोखून उभं असायचं. निकाल पंच द्यायचे, पण तो सगळ्यांच्या आधी दिसायचा तो हिम्मतरावांना. ते मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत. फोटो घेऊन निघाले की वाटेत घोड्यांवर पैसे लावलेले शेरवानीवाले, सफारीवाले, सगळे आडवे यायचे, "कौन आया मियाँ, इशारा तो करो." हिम्मतराव म्हणायचे, "मैं फोटो धोता. बोलने वाले पंच हैं." नाकावर माशी बसली तरी ती उडवायला ते हात वर करायचे नाहीत, कोणी इशारा समजेल म्हणून.

त्या फोटोंची एक गंमत होती. कॅमेरा फक्त रेषा बघायचा आणि तिच्यावरून जे सरकेल ते टिपायचा. त्यामुळे घोड्यांचे पाय भलतेच उमटत, कुठे ताणलेले, कुठे मोडल्यासारखे. नवखा माणूस हळहळायचा, बिचाऱ्याचा पाय गेला म्हणून. त्यावर हिम्मतराव पोट धरून हसायचे. "पाय नाही मोडला, यंत्राचा स्वभाव आहे तो. आधी यंत्राचा स्वभाव ओळखा, मग चित्र वाचा." हे त्यांनी आयुष्यात हजार माणसांना तरी ऐकवलं असेल. स्वतःला ऐकवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना ते आठवलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

नव्वदनंतर देशाची दारं उघडली आणि बाहेरचा माल आत आला. आधी थंड पेयं आली, मग रंगीत टीव्हीवर पन्नास चॅनेल आले, मग दिलसुखनगरला गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले आणि हिम्मतरावांचा मुलगा संदेश त्यांतल्या एकात गणित शिकवू लागला. आणि एक दिवस रेसकोर्सवर परदेशी कॅमेरा आला. त्याला फिल्म नव्हती, धुणं नव्हतं, वाट बघणं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत झाडू आणि बादल्या जाऊन पडल्या. हिम्मतरावांना उरलेली वर्षं नव्या यंत्राशेजारी खुर्ची मिळाली. ते तिथे बसून त्या पडद्याकडे नव्या सुनेकडे सासूने बघावं तसे बघत राहिले आणि निवृत्त झाले.

दोन हजार दहा साली त्यांच्या प्रोस्टेटच्या ग्रंथीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, रक्तातला तो पीएसए नावाचा आकडा शून्यावर आला आणि हिम्मतरावांनी तो विषय संपवला. पण दोन हजार तेरामध्ये आकडा पुन्हा चढायला लागला. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. कुठे, ते कळेना. हाडांचा स्कॅन झाला, सीटी झाला, दोन्हींत काही दिसलं नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक नवीन स्कॅन आलाय, अजून प्रयोगात आहे. सुईतून असं औषध देतात की ते शोधत शोधत कॅन्सरच्या पेशींवर जाऊन बसतं, आणि मग फोटोत ती जागा दिसते. दुखणं एखाद्याच ठिकाणी असेल तर तेवढ्यावर किरणं देऊन ते मुळातून जाऊ शकतं. सगळीकडे पसरलं असेल तर इंजेक्शनं घ्यायची आणि जितके दिवस जातील तितके ढकलायचे. एवढाच प्रश्न होता.

फोटोचं काम म्हटल्यावर हिम्मतरावांची कळी खुलली. संदेश सोबत येतो म्हणाला, तर त्याला म्हणाले, "तू पोरांचे पेपर तपास. फोटोतलं मला कळतंय."

हॉस्पिटलात या प्रयोगाची कागदपत्रं बघणारी रसिका नावाची मुलगी होती. नवरा हायटेक सिटीत कॉम्प्युटरवाला, म्हणून पुण्याहून इकडे आलेली. नाव वाचून तिचा चेहरा उजळला. "काका, तुम्ही मराठी? किती दिवसांनी इथं मराठी बोलतेय मी."

"हौ, मराठीच की. पण इथलं मराठी. तुमच्या पुण्याला चालायचं नाही," हिम्मतराव म्हणाले.

तिने सगळं समजावलं. सुई दिल्यावर तासभर बसायचं, पाणी प्यायचं, मग यंत्रात अर्धा तास न हलता पडायचं. फोटो दोन डॉक्टर वेगवेगळे वाचणार. फोटो कोणाचा आहे हे दोघांनाही ठाऊक नसणार, आणि एकाने काय वाचलं ते दुसऱ्याला कळणार नाही. हे ऐकून हिम्मतरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी सुईसाठी हात आपणहून पुढे केला. जगात अजून शिस्त शिल्लक आहे, असं त्यांना वाटलं.

"मला फोटो बघायला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"तीन-चार दिवसांत डॉक्टर दाखवतील ना. आत्ता नाही काका, नियम आहे."

"बरोबर हाय. नियम म्हणजे नियम," हिम्मतराव म्हणाले.

आणि दीड तासाने याच नियमवाल्या माणसाने काय केलं? यंत्रातून उठले, सदरा घातला, चष्मा शेजारच्या खोलीत राहिला म्हणून तिकडे गेले. तिथे कोणी नव्हतं, पडदा चालू होता, आणि पडद्यावर एक माणूस हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. पांढऱ्यावर राखाडी, जसं काही निगेटिव्हच. खाली कोपऱ्यात नावाऐवजी आकडा होता, पण पोटाचा घेर हिम्मतरावांनी ओळखला. चौतीस वर्षं जो मोह शेरवानीवाल्यांना आवरायला लावला, तो त्यांना स्वतःला चार क्षण आवरला नाही. चष्मा लावून ते पुढे झाले.

त्या माणसाच्या अंगभर काळे ठिपके होते. डोळ्यांपाशी दोन. गालांत दोन. जबड्याखाली दोन. पोटात दोन मोठे, मुठीएवढे, काळे कुळकुळीत. उजवीकडे एक मोठा डाग, आतड्यात नागमोडी काही, खाली आणखी एक गोळा. औषध जिथे बसतं तिथे कॅन्सर, असं डॉक्टर म्हणाले होते. हिम्मतरावांनी पुन्हा एकदा मोजले. सवयच ती. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

बाहेर रसिका म्हणाली, "झालं काका, त्रास नाही ना झाला?" ते "काही नाही" म्हणाले आणि जिन्यापर्यंत नीट चालत गेले. जिन्यावर बसले. ते घाबरले होते, आणि आपण घाबरलोय हे कुणाला सांगायचं तेही त्यांना सुचत नव्हतं. कुसुम एकटी राहील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी पोचले ते दारातूनच, चपलासुद्धा न काढता, म्हणाले, "साफ हाय. काही निघालं नाही."

उभ्या आयुष्यात त्यांनी कधी निकाल जाहीर केला नव्हता. पहिला केला तो खोटा.

कुसुमताईंनी हात पुसत त्यांच्याकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचे सहा दिवस त्या घरात एक नवाच माणूस नांदत होता. पहिल्या घासाला "मीठ अगदी बरोबर" म्हणायचा. कारल्याची भाजी मागून घ्यायचा. संदेश टीव्हीचा आवाज वाढवायचा तर "असू दे, बघू दे पोराला" म्हणायचा. दुपारी कुसुमताई जरा आडव्या झाल्या की त्यांना उठवून शिकवण्या सुरू. गॅसचं रेग्युलेटर कसं बसवायचं. मीटरपाशी कुठला खटका कशाचा. हिम्मतरावांनी प्रत्येक खटक्यावर कागदाची पट्टी चिकटवली, "पंखा", "मोटर", "देवघर". कुसुमताईंना हे सगळं तीस वर्षांपासून येत होतं, कारण हिम्मतराव रेसला गेले की फ्यूज त्याच बदलायच्या. पण त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मला येतंय. मुकाट्याने रेग्युलेटर काढून पुन्हा लावून दाखवलं.

चौथ्या दिवशी हिम्मतराव अफझलगंजला गेले. तिथे दिलीप नावाचा त्यांचा जुना स्टुडिओवाला होता. आपल्यामागे भिंतीवर जो फोटो लागणार, तो घरच्यांनी निवडला तर लग्नातला कसलातरी जेवतानाचा निवडतील, ही त्यांना खात्री होती. दिलीपने तेरा फोटो काढले. हिम्मतरावांनी बाराला नाकं मुरडली. तेरावा पसंत पडला, तोही "कान जरा मोठा दिसायलाय" म्हणत. मोठा करून, चौकटीत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला.

संदेशने पुडकं उघडून बघितलं. "हे कशाला, बाबा?"

"पासपोर्टला लागतो."

"एवढा मोठा? चौकटीसकट?"

"आजकाल मोठाच मागतात," हिम्मतराव म्हणाले. कुसुमताईंनी तो फोटो घेतला, पदराने पुसला आणि कपाटाच्या तळाशी, साड्यांखाली, पालथा घालून ठेवला.

मध्ये हॉस्पिटलचे चार फोन त्यांच्या मोबाईलवर येऊन गेले. काय सांगणार ते, आपण बघितलंय, असं म्हणून हिम्मतरावांनी मोबाईलच बंद करून ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी घरचा फोन वाजला. कुसुमताई बराच वेळ "हां, हां" करत होत्या. मग ओसरीवर आल्या. हिम्मतराव पाण्याच्या मोटरीवर पट्टी चिकटवत होते.

"रसिका कोण?" कुसुमताईंनी विचारलं.

हिम्मतरावांच्या हातातला डिंक सांडला. "कोण रसिका?"

"पुण्याची पोरगी हाय. चांगली बोलती. म्हणली, काका फोन का उचलत नाहीत, डॉक्टर तीन दिवसांपासून वाट बघायलेत. उपचार सुरू करायचाय म्हणली." त्या पायरीवर बसल्या. "तुम्ही तर म्हणलात साफ हाय."

हिम्मतराव पट्टीवरची अक्षरं वाचत राहिले.

"नाही साफ," शेवटी ते म्हणाले. "मी बघितलं ना. चोरून बघितलं. डोळ्यापासून ओटीपोटापर्यंत पसरलंय, कुसुम. जागा नाही सोडली." एरवी ते बायकोला नावाने हाक मारत नसत.

"मला ठाऊक होतं."

"कोण सांगितलं?"

"तुम्हीच. चपला काढायच्या आधी कधी निकाल सांगितलाय का तुम्ही? चव्वेचाळीस वर्षांत?" कुसुमताई सांडलेला डिंक फडक्याने टिपत म्हणाल्या. "त्यात पहिल्या घासाला मीठ बरोबर. मी भाजीत मीठ घातलंच नव्हतं त्या दिवशी. मुद्दाम. बघावं म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी लपवायलात, मग मी कसं उघडं पाडू? रोज वाटायचं, आज सांगतील, आज सांगतील. रातच्याला तुम्ही जागे, मी जागी. दोघंही घोरल्यासारखं करायलो."

हिम्मतराव म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊन तरी काय? निकाल लागलाय."

कुसुमताई उठल्या. "तुम्ही फोटो धुणारे. पंच कधी झालात? उठा, कपडे करा."

ते उठले. डिंकाचे हात धुतले आणि सदरा अंगात घातला.

डॉक्टर तेलुगू होते, बोलायचे मात्र पक्कं हैदराबादी. हिम्मतरावांनी बसता बसताच गुन्हा कबूल केला, की फोटो मी त्याच दिवशी चोरून बघितला आणि मला सगळं ठाऊक आहे, आता लपवू नका. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तोच माणूस, तेच ठिपके.

"दिखाओ अंकल, किधर किधर है बोलते आप."

हिम्मतरावांनी एकेक दाखवलं. डोळे, गाल, जबडा, पोट. डॉक्टर आधी गंभीरपणे मान हलवत राहिले, मग त्यांना हसू आवरेना.

"अंकल, ये सब मेरे में भी काला दिखता. इस मैडम में भी. आँख के पास आँसू की गाँठ, गाल में लार की गाँठ, ये दो गुर्दे, मतलब किडनी, ये कलेजा, मतलब लिवर, नीचे पेशाब की थैली. दवा सब के अंदर उधर जाके बैठती, उसकी आदत है. और कॅन्सर इतने डिसिप्लिन से जोड़ी-जोड़ी में कायकू आएगा?"

यंत्राचा स्वभाव. हिम्मतरावांना आपलंच वाक्य आता आठवलं. मोडलेल्या पायासाठी हळहळणाऱ्या ज्या लोकांना ते आयुष्यभर हसले, ते सगळे ओळीने समोर उभे राहून आता आपल्याला हसताहेत असं त्यांना झालं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे ठाऊक होतं. पण त्याला दोन गुर्दे आणि एक कलेजा असतो, हे नवीन होतं.

"म्हणजे काहीच नाही?" कुसुमताईंनी विचारलं.

"आहे," डॉक्टर मराठीत म्हणाले, तेवढं त्यांना येत होतं. मग त्यांनी ओटीपोटाच्या डाव्या बाजूला, कंबरेच्या हाडाआड, पेन टेकवलं. तिथे हरभऱ्याएवढा एक ठिपका होता. हिम्मतरावांनी नेमका तोच मोजला नव्हता. लहान होता आणि त्याला जोडीदार नव्हता. वाचणाऱ्या दोन्ही डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, तोच एक धरला होता. जुन्या स्कॅनमध्ये तो कधी दिसलाच नसता, डॉक्टर म्हणाले. आता तेवढ्या भागावर सहा-सात आठवडे किरणं द्यायची. जाईलच अशी हमी नाही, स्कॅनही नवा आहे, तोही चुकू शकतो. पण आशा धरायला जागा आहे. फक्त उशीर करायचा नाही, तीन दिवस आधीच गेलेत.

हिम्मतरावांनी मान खाली घातली. मरायची तयारी त्यांनी व्यवस्थित केली होती, पट्ट्यांसकट. जगायची काहीच केलेली नव्हती. ते बायकोकडे वळले आणि डॉक्टरांसमोरच म्हणाले, "मला जगायचंय गं. लई जगायचंय."

"मग तोंड उघडून सांगायचं की," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या.

बाहेर रसिका उपचाराचा फॉर्म घेऊन आली. नाव, वय, पत्ता लिहून झाल्यावर तिने विचारलं, "काका, किरणं संपल्यावर पुन्हा तपासण्या होतील. ते रिपोर्ट आधी कोणाला कळवायचे? तुम्हाला की घरच्यांना?"

हिम्मतराव "मला" म्हणणार होते. त्याआधीच कुसुमताईंनी स्वतःचं नाव सांगितलं, घरचा नंबर सांगितला आणि रसिकाने तो लिहूनही घेतला.

"आधी मला," कुसुमताई नवऱ्याला म्हणाल्या. "यापुढं निकाल मी सांगणार. आणि खोटा सांगायची पाळी आली, तर तुमच्यापेक्षा बरा सांगीन. चपला काढून, चहा देऊन, मग सांगीन. तुम्हाला कळायचं सुद्धा नाही."

हिम्मतराव तिच्याकडे बघत राहिले. थट्टा आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना वाचता येईना. मग त्यांनी पेन मागितलं आणि एकदाही चष्मा न पुसता सही केली.